फोन तापतो की घर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागातून एका २७ वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. ते टॉवेल कारखान्यात कॉम्प्युटरवर जकार्डची डिझाइनं काढतात. लग्नाला दीड वर्ष झालं. बायको घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवते, नगावर पैसे मिळतात. १५ जणांची दरमहा २,००० रुपयांची भिशी. सातव्या महिन्यात यांचं नाव निघालं आणि ३०,००० हातात आले. या पैशातून कूलर घ्यायचा आणि पत्र्याखाली सीलिंग करायचं असं घरात ठरलं होतं. पण नवी पेठेतल्या एका दुकानात त्यांनी नवा गेमिंग फोन हातात घेतला. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा स्क्रीन, कडेला बोटांसाठी टच बटणं, पाठीवर दिवे. पंधरा मिनिटं खेळले आणि घेऊनच बाहेर पडले. किंमत ४६,०००. भिशीचे तीस दिले, उरलेल्या सोळाचे आठ हप्ते. पहिल्या रात्री स्वर्ग वाटला, असं ते लिहितात. चौथ्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी घरी खेळताना पाठ भाजायला लागली, स्क्रीन आपोआप मंद झाला, गेम अडखळला. कारखान्यातल्या एसी केबिनमध्ये जेवणाच्या सुट्टीत मात्र तोच फोन झकास चालतो. एकदा त्यांनी तो पाच मिनिटं फ्रीजमध्येही ठेवला. बायको भांडली नाही. फोनच्या पाठीवर हात ठेवून 'तवा झालाय' एवढंच म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. तेव्हापासून कामापुरतंच बोलते. ते विचारतात: फोन खराब निघाला का? विकून टाकू का? की टुर्नामेंट खेळून पैसे भरून काढू? आणि गेमच्या इतक्या विरोधात असलेल्या बायकोची समजूत कशी घालू?

*

नमस्कार.

फ्रीजपासून सुरुवात करते, कारण ते आजच्या आज थांबायला हवं. फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला सोलापूरच्या हवेत जसं पाणी सुटतं, तसंच थंड झालेल्या फोनलाही सुटतं. तांब्याचं पाणी पुसता येतं. फोनच्या आत सुटलेलं दिसत नाही आणि पुसताही येत नाही. शिवाय आत पाणी गेल्याची खूण सर्व्हिस सेंटरवाल्याला दिसली की वॉरंटीचा विषय बहुधा तिथेच मिटतो. ओला रुमाल गुंडाळणं, माठावर ठेवणं हेही त्यातलंच. फोन तापला की गेम बंद करा, कव्हर काढा, चार्जर काढा आणि पंख्याखाली उघड्या फरशीवर ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत निवतो.

आता फोन खराब आहे का ते पाहू. अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: केबिनमध्ये झकास चालतो.

गेम चालू असताना फोन जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती पसरवायला अशा फोनमध्ये बहुतेक वेळा तांब्याची कागदासारखी चपटी, बंद डबी बसवलेली असते. तिला व्हेपर चेंबर म्हणतात. आत अगदी थोडं पाणी असतं. प्रोसेसरच्या डोक्यावर त्याची वाफ होते, ती डबीच्या गार कडेकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि बारीक जाळीतून मागे येते. माठही पाण्याची वाफ होऊ देऊनच आतलं पाणी गार करतो. पण माठातली वाफ उष्णता घेऊन उडून जाते आणि या डबीतली वाफ आतल्या आतच फिरत राहते. म्हणजे ही डबी उष्णता संपवत नाही, एका जागची उचलून सगळ्या पाठीवर पसरवते. पाठीवरून ती न्यायची ती भोवतालच्या हवेने. आणि ती हवाच ४२ अंशांची असेल, डोक्यावर पत्रा तापलेला असेल, तर ती बिचारी आणखी किती उष्णता नेणार?

बऱ्याच कंपन्या फोन वापरायला भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं असं सांगतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी एवढं कमी तापमान सावलीतही मिळत नाही. त्यामुळे फोन स्वतःला वाचवतो: प्रोसेसरचा वेग उतरवतो, स्क्रीन मंद करतो, चार्जिंग हळू करतो. उन्हात ओझं वाहणारा माणूस चाल कमी करतो, तसंच. तुम्हाला जो बिघाड वाटला, तो बहुतेक हा शहाणपणा आहे.

'बहुतेक' म्हटलं, कारण खात्री तुम्हीच करून घ्यायची आहे. फोनच्या गेम मोडमध्ये सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, पडतात तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायची सोय असते, ती चालू करा. कव्हर काढून, तोच गेम, तीच सेटिंग, अर्धा तास. एकदा पहाटे सहाला घरी, एकदा केबिनमध्ये, एकदा दुपारी दोनला घरी. आकडे वहीत लिहा. आकडा फक्त दुपारीच उतरत असेल तर फोन ठीक आहे. पण पहाटेच्या गारव्यातही दहा-पंधरा मिनिटांत आकडा कोसळत असेल, किंवा नुसता खिशात असताना फोन तापत असेल, तर वाट पाहू नका. बिल घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा आणि तपासणीचा कागद लेखी मागा. खोकं उघडलं म्हणून दुकानदार परत घेत नाहीत हे खरं, पण दोष निघाला तर गोष्ट वेगळी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूने आहे आणि टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

तोवर गेममध्ये फ्रेमचा आकडा ६० वर आणा. बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतीय आवृत्ती, खेळत असाल तर ग्राफिक्स स्मूद आणि फ्रेम रेट एक्स्ट्रीम. ६० वर एक चित्र साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास टिकतं, १२० वर सव्वाआठ, १४४ वर जेमतेम सात. साठवरून एकशेवीसला गेल्याचं डोळ्याला कळतं, पण एकशेवीसवरून एकशेचव्वेचाळीसला गेल्याचं फार थोड्यांना. प्रोसेसरला मात्र प्रत्येक चित्र काढावंच लागतं, त्यामुळे साठवर आणलंत की त्याचं काम निम्म्याहून कमी होतं. खेळताना चार्जिंग करू नका. करावंच लागलं तर सेटिंगमध्ये बायपास चार्जिंग आहे का बघा. त्यात वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला जाते. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर उन्हाळाभर ती लावून ठेवा. लिथियमच्या बॅटरीला सर्वात जास्त मारते ती उष्णता, आणि त्या उष्णतेत पूर्ण भरून राहणं.

दुकानातल्या त्या पंधरा मिनिटांबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तसाच फोन घ्यायच्या विचारात असलेले पुष्कळ जण हे वाचत असतील.

माझा भाचा पुण्यात असतो. मागे एका डिसेंबरात त्याने असाच फोन घेतला आणि मला दाखवायला आणला. सकाळची वेळ होती. मी सहज हातात घेतला तर वजन जाणवलं, आणि पाठीचा कोमटपणा चक्क बरा वाटला, हात शेकावे तसा. त्याचा चेहरा फुलला होता. पुढच्या मे महिन्यात तो माझ्या माहेरी, सोलापूरला आला. दुपारी माजघरात खेळत बसला आणि वीस मिनिटांत फोन एका हातातून दुसऱ्या हातात नाचवायला लागला. फोन तोच, सेटिंग तीच. डिसेंबरात त्याला विचारलं असतं तर त्याने दहापैकी दहा दिले असते आणि मे महिन्यात चार. दोन्ही वेळी तो मनापासून बोलला असता.

तुमचंही तसंच झालंय. पहिली रात्र स्वर्ग होती ती एसी दुकानातल्या आठवणीवर आणि रात्रीच्या हवेवर. चौथा दिवस वाईट गेला तो पत्र्याखालच्या दुपारवर. व्हिडिओत फोनची पारख करणारी मंडळीही खोलीत एसी लावून बसलेली असतात. त्यांचं खोटं नसतं, ती खोली आपली नसते एवढंच. म्हणून कुणी मला विचारलं की मी सांगते: दुकानात पहिल्या दिवशी फोन बघा, पण पैसे दुसऱ्या खेपेला द्या. दुसऱ्या खेपेला अर्धा तास सलग खेळा, करंगळी दुखते का बघा, कारण असे फोन सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढे जातात आणि तो सगळा भार करंगळीवर येतो. सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे की फोन पुण्याला पाठवावा लागेल, स्क्रीन फुटला तर किती पडतील, अपडेट किती वर्षं मिळणार, हे विचारा. बिलावरचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख नंबर, आणि फोनवर *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय एक आहे का, तेही तिथल्या तिथे पडताळा.

फोनमध्ये गेमचं यंत्र बसवायचा हा काही पहिला प्रयत्न नव्हे. २००३ मध्ये नोकियाने एन-गेज आणला होता. गेमचं कार्ड बदलायचं तर मागचं झाकण आणि बॅटरी काढावी लागायची, आणि बोलताना फोन कानाला आडव्या कडेने लावावा लागायचा. लोकांचं पहिलं मत तिथेच बिघडलं. पुढच्याच वर्षी आलेल्या एन-गेज क्यूडीत या दोन्ही गोष्टी सुधारल्या, पण तोवर उशीर झाला होता. २०११ मध्ये सोनी एरिक्सनच्या एक्सपिरिया प्लेमध्ये स्क्रीनखालून सरकून बाहेर येणारी खरी बटणं होती. २०१८ मध्ये एसुसच्या आरओजी फोनला पाठीवर लावायचा पंखा मिळाला आणि २०१९ च्या रेड मॅजिक ३ मध्ये तर पंखा फोनच्या पोटातच गेला. यात एक गोष्ट बघा. एन-गेजचा प्रोसेसर १०४ मेगाहर्ट्झचा होता, एक्सपिरिया प्लेचा एक गिगाहर्ट्झचा. आजच्या फोनचे त्याच्याही कितीतरी पुढे गेलेत. बोटांचा प्रश्न सुटत गेला आणि उष्णतेचा वाढत गेला. पंखा आत बसवा की बाहेर, तो खोलीतलीच हवा फिरवणार. तुम्ही तिसऱ्या कुठल्या कंपनीचा याहून महाग फोन घेतला असता, तरी त्या दुपारी तुमच्या घरात तो तापलाच असता.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलंत, ते. माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे.

तुम्ही लिहिता, बायको गेमच्या विरोधात आहे. मी पत्रात तिचं तसं वाक्य शोधलं, मला सापडलं नाही. तिच्या तोंडी एकच वाक्य आहे: 'तवा झालाय.' बघा, तिने फोनला हात लावला. ज्याला एखाद्या गोष्टीचा राग आहे तो ती बाजूला सारतो, तिच्या पाठीवर तळहात ठेवून बघत नाही. तिने बघितलं, ओळखलं आणि ती मशीनवर जाऊन बसली. मशीन कुठे आहे? त्याच पत्र्याखाली. सोलापुरात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, म्हणजे गणवेशांची घाई नेमकी एप्रिल-मेची. वर्षातलं सर्वात जास्त काम वर्षातल्या सर्वात वाईट उन्हात, आणि तेही दुपारचं, कारण सकाळ-संध्याकाळ चूल-पाणी आहे. टेरिकॉटचं कापड, मशीनची छोटी मोटर, हाताला घाम आला की सुईखाली कापड सरकतं, डाग पडला की तो नग बाद. मी माझ्या आईला असं शिवताना पाहिलं आहे. ती मांडीवर ओला पंचा ठेवायची आणि दर दोन शिवणींनंतर तळहात पुसायची. दुपार सरेपर्यंत पंचा वाळून कडक व्हायचा.

तुम्ही दिवसभर एसी केबिनमध्ये असता. त्यात तुमचा दोष काही नाही, कॉम्प्युटरसाठी ती केबिन गार ठेवावी लागते. पण त्यामुळे तुमचं घर भर दुपारी कसं असतं, ते तुम्हाला आठवड्यातून एकदाच, सुट्टीच्या दिवशी कळतं. तुमच्या फोनला ते चौथ्या दिवशी कळलं आणि त्याने लगेच काम कमी केलं, तोंड बारीक केलं. त्याचं तुम्ही किती मनावर घेतलंत! मला पत्र लिहिलंत. तीच खोली तुमची बायको गेल्या उन्हाळ्यापासून सोसते आहे, आणि तिला वेग उतरवायची सोय नाही, कारण पैसे नगावर मिळतात. कूलरचं तिने सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणाला होता.

म्हणून मला वाटतं, तिची समजूत घालायच्या भानगडीत पडू नका. तिला सगळं नीट समजलेलं आहे. तिला न विचारता, ठरलेलं मोडून, फोन घेऊनच तुम्ही घरी आलात, हे तिला लागलं आहे. एकदा शांतपणे तेवढंच मान्य करा: 'आपण कूलरचं ठरवलं होतं, मी तुला न विचारता मोडलं. चुकलो.' पुढे 'पण' लावू नका. 'पण ऑफर संपत होती', 'पण मीही दिवसभर राबतो' असलं काही जोडलंत की आधीचं सगळं पुसलं जातं. आणि हे रात्री अकराला गेम संपवून नको. दुपारी, तिच्या मशीनजवळ बसून बोला. तिथे बसलात की निम्मं न बोलताच कळेल. ती लगेच मोकळी होईल असं नाही. दीड वर्षाचं लग्न आहे, थोडा वेळ द्या.

गेम खेळणं चूक आहे असं मी म्हणत नाही आणि तुम्हीही स्वतःला तसं म्हणून घेऊ नका. तुमच्या पत्रात एक ओळ आहे की रात्री शाळेतले चौघे जण एकत्र खेळता, एक पुण्यात, एक आखातात, दोन सोलापुरात. माझ्या वडिलांच्या पिढीत हे चौघे जेवणं आटोपून चौकातल्या कट्ट्यावर बसायचे, 'काय करलालास बे' म्हणत रात्र घालवायचे. आता कट्टा फोनमध्ये आहे आणि आखातातला मित्रही त्यावर येऊन बसतो. याची किंमत मला कळते. 'मला व्यसन लागलंय का' असंही तुम्ही एका ठिकाणी विचारलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डरचा समावेश केला आहे, ती यादी २०२२ पासून लागू आहे. पण त्याची खूण तासांवर नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं त्यापुढे मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि हे साधारण बारा महिने चालतं, तेव्हा ते नाव लागतं. रात्री दोन तास मित्रांशी खेळून सकाळी आठला कामावर जाणाऱ्या माणसाला ते लागत नाही. ज्यांना खरोखरच थांबता येत नाही त्यांनी मात्र लाज बाळगू नये, टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीच आहे.

टुर्नामेंट खेळून ४६ हजार भरून काढायचा विचार मनातून काढून टाका. हे मी आवर्जून सांगते. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत. ई-स्पोर्ट्सला त्यात वेगळी मान्यता आहे. पण व्हॉट्सॲपवर 'पन्नास भरा, पाचशे जिंका' म्हणणाऱ्या ज्या रूम फिरतात त्या ई-स्पोर्ट्स नव्हेत, त्यांच्यापासून लांब राहा. खऱ्या स्पर्धेत उतरायचं असेल तर हौस म्हणून उतरा, घराचा हिशोब तिच्यावर टांगू नका. आणखी एक. ज्या गेमसाठी फोन घेतला तोच उद्या नसेल, असंही होतं. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तो स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या दहा महिन्यांत तो खेळण्यासाठी नवा फोन शोधणाऱ्यांना गेमच मिळत नव्हता.

विकायचं की ठेवायचं, हे ठरवायच्या आधी वही उघडा. तुम्ही भिशीचे तीस हजार 'मिळाले' असं लिहिलं आहे. सातव्या महिन्यात भिशी उचलली म्हणजे अजून आठ महिने २,००० भरायचे आहेत; ज्यांचं नाव अजून निघायचं आहे त्या आठ जणांचं ते देणं आहे. फोनचा हप्ताही २,०००, तोही आठ महिने. म्हणजे पुढचे आठ महिने दरमहा ४,०००, एकूण ३२,००० तुमच्या अंगावर आहेत. भिशीत आजवर गेलेल्या सात हप्त्यांत गणवेशांचे पैसे किती होते, तेही त्याच पानावर लिहा. हप्ता 'बिनव्याजी' आहे म्हणून सांगितलं असेल, तर प्रोसेसिंग फी किती कापली आणि रोखीने घेणाऱ्याला किती सूट मिळत होती ते विचारा. व्याज बहुधा तिथे लपलेलं असतं. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

हे पान घेऊन दोघं बसा आणि निर्णय दोघांनी घ्या. माझं मत विचारलंत तर सांगते. कूलर याच महिन्यात आला पाहिजे, फोनचं काहीही होवो. तुमचा जुना फोन अजून घरात आहे, तो आधी विका. आपल्याकडे लोखंडी पत्र्याचे, वुडवूलच्या जाळीचे कूलर गावातच बनवून मिळतात, कंपनीच्या कूलरपेक्षा स्वस्त पडतात, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत ते उत्तम चालतात. सीलिंगला यंदा पैसे पुरणार नाहीत. तोवर पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या, अगदी चुन्याचे दोन हात दिले तरी फरक पडतो. एवढं जुन्या फोनच्या पैशात आणि एखाद्या उचलीत बसत असेल तर नवा फोन ठेवा आणि सुखाने खेळा. बसत नसेल तर विका, आणि लवकर विका, कारण या फोनचा भाव पुढचं मॉडेल आलं की उतरतो. विकताना बिल, खोकं, चार्जर सगळं द्या, आधी गूगल खातं काढा, मग फोन पूर्ण पुसा. खातं न काढता पुसला तर घेणाऱ्याच्या हातात कुलूपबंद फोन पडू शकतो. हप्ते बाकी असताना विकता येतो का, हे फायनान्स कंपनीला आधी विचारा. आणि जुना फोन घेणाऱ्या वाचकांनी त्याचा आयएमईआय आधी तपासावा: केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर पाठवला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं.

कूलरबद्दल दोन गोष्टी. पाणी आपल्याकडे रोज येत नाही आणि कूलर पाणी भरपूर पितो, हे धरून चला. बोअरचं पाणी चालतं, पण जाळीवर क्षार बसतो. आठवड्याला जाळी धुवावी लागेल, ते काम तुमचं. आणि कूलर खोलीच्या आत कोपऱ्यात ठेवू नका. त्याची पाठ खिडकीबाहेर हवी आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीतलीच दमट हवा फिरत राहते आणि तासाभरात चिकचिक सुरू होते. मशीनजवळ खिडकी आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. नसेल तर मशीन हलवावं लागेल. ते कुठे ठेवायचं हे तिला विचारा, शिवताना उजेड कुठून यायला हवा हे तिलाच माहीत.